शिंगांची हेल्मेटं झाली, चमकणारे रून झाले, आता जग कधी बनवणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघांची टीम आहे, फॅन्टसी आरपीजी (भूमिका घेऊन खेळायचा गेम) करताय, जग नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) आणि केल्टिक (आयर्लंड-वेल्सकडच्या) पुराणांवर बेतलंय, पण डेमो ज्याला दाखवाल तो म्हणतो 'अरे हे तर स्कायरिमसारखं वाटतंय' (स्कायरिम म्हणजे तो बर्फाळ जगातला गाजलेला गेम). मग दोन्ही पुराणं एकत्र करावीत का, वाचायला सुरुवात कुठून करायची आणि आपलं जग वेगळं कसं वाटेल. मी बारा-तेरा वर्षं गेम्ससाठी जगं आणि क्वेस्ट लिहितोय, त्यातली सलग चार वर्षं याच बर्फात नि धुक्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबणारे, चहा घेऊन बसा.

आधी टोचणारं सांगून टाकतो. तुम्ही डेमोचं जे वर्णन लिहिलंय, म्हणजे शिंगांची हेल्मेटं, दगडावर निळे चमकणारे रून (जुनी नॉर्स अक्षरं), ढालीवर ते आठ काट्यांचं होकायंत्रासारखं चिन्ह, हिरव्या झग्यातली ड्रुइड (केल्टिक पुरोहित) बाई, यातलं बहुतेक पुराणातून आलेलंच नाहीये, ते दुसऱ्या गेम्समधून आणि पोस्टरांवरून आलंय. वायकिंग काळातलं शिंगवालं हेल्मेट आजवर एकही सापडलेलं नाही, ती शिंगं १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने जे कपडे डिझाइन केले तिथून लोकांच्या डोक्यात बसली. ते होकायंत्रवालं चिन्ह, वेगव्हिसिर, त्याचं हस्तलिखित १८६० सालचं, म्हणजे आपल्याकडे १८५७ होऊन गेलं त्यानंतरचं! वापरू नका असं म्हणत नाही मी, पण कॉपीची कॉपी काढली की झेरॉक्ससारखं फिकट होतच जातं, आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं, फक्त नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही म्हणून तो 'स्कायरिमसारखं' म्हणून मोकळा होतो.

मी टीममध्ये नवीन आलेल्याला एकच सांगतो, पुराणातल्या वस्तू उचलू नका, नियम उचला. प्रत्येक पुराणाचा एक आतला कायदा असतो, जगात काय केलं की काय होतं याचा. तो कायदा मेकॅनिक, म्हणजे खेळाचा नियम, म्हणून बसवला की मग हेल्मेट कुठलंही घाला, जग त्या पुराणाचं वाटतं.

नॉर्सचा कायदा माझ्या मते असा, की काहीही फुकट मिळत नाही आणि शेवट सगळ्यांना आधीच माहितीये. देवांचा प्रमुख ओडिन, त्याला शहाणपण हवं होतं तर मीमिरच्या विहिरीत एक डोळा द्यावा लागला, रून हवे होते तर नऊ रात्री झाडाला स्वतःला टांगून घ्यावं लागलं. फेनरिर लांडग्याला बांधायचं तर ग्लेइपनिर नावाची दोरी, ती कशाची तर मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. लांडगा म्हणाला एवढी मऊ दोरी म्हणजे काहीतरी डाव आहे, कोणीतरी तारण म्हणून माझ्या तोंडात हात ठेवा, मगच बांधून घेतो. सगळे देव एकमेकांकडे बघत बसले आणि फक्त टीरने हात घातला. दोरी तुटली नाही, हात गेला. बरं एवढं करून तोच लांडगा शेवटी सुटणार आणि ओडिनला गिळणार हेही भाकितात आहेच. आता तुमच्या गेममध्ये बघा, हिरो राक्षसाला मारतो आणि त्याला वर सोनं, एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि तलवार मिळते. हे नॉर्स नाहीये हो, हा बोनस झाला.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ग्रेत्तिरच्या सागामध्ये आहे, आइसलंडमध्ये साधारण चौदाव्या शतकात लिहिलेला सागा, म्हणजे मोठी गद्य वीरकथा. ग्लाम नावाचा मेलेला धनगर रात्री परत येतो, घराच्या छपरावर घोड्यावर बसल्यासारखा बसून टाचा आपटतो, गुरं मारतो. याला म्हणतात ड्राउगर, आणि तो भुतासारखा आरपार नसतो बरं का, चांगला जड, सुजलेला, हाडामांसाचा असतो. ग्रेत्तिर एका केसाळ घोंगडीखाली झोपायचं सोंग घेऊन पडतो, ग्लाम आत येऊन घोंगडी ओढतो, हा सोडत नाही, दोघांच्या ओढाताणीत घोंगडी मधोमध फाटते. मग बाकं मोडत, खांबांना अडकत ते दाराबाहेर जाऊन पडतात, आणि नेमका त्याच क्षणी ढग सरकून चंद्राचा उजेड ग्लामच्या डोळ्यांवर पडतो. ग्रेत्तिरच्या अंगातलं बळच जातं. तेवढ्यात ग्लाम शाप देतो, की तुझी ताकद आज आहे त्याच्या पुढे कधी वाढणार नाही, आणि हे डोळे तुला कायम दिसत राहतील. ग्रेत्तिर मग त्याचं डोकं छाटतो, जिंकतो, गावभर नाव होतं, आणि त्या दिवसापासून हा एवढा धिप्पाड माणूस अंधारात एकटा राहू शकत नाही.

गेम डिझायनर म्हणून हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. बॉस फाइट जिंकल्यावर लेव्हल कॅप (ताकद वाढण्यावर मर्यादा) लागतो आणि उरलेला पूर्ण गेम अंधाराची भीती! ड्राउगर स्कायरिममध्येही भरपूर आहेत, थडग्याथडग्यात आहेत, पण तिथे ते पाचशे मारले तरी तुम्हाला काही होत नाही. तुम्ही एकच ठेवा, पण तो ग्लामसारखा ठेवा.

रिस्पॉन, म्हणजे मेल्यावर परत खेळात येणं, हेसुद्धा यांच्या पुराणात तयार आहे, माहितीये का? ओडिनच्या महालात, वलहल्लामध्ये, मेलेले योद्धे, आइनहेर्यार, रोज सकाळी एकमेकांशी लढतात, आणि संध्याकाळी परत मेजवानीला सोबत बसतात. सेहरिमनिर नावाचं रानडुक्कर रोज शिजवतात आणि संध्याकाळपर्यंत ते परत अख्खं जिवंत. म्हणजे मेलात, उठलात, जेवलात, परत लढाईला. आणि हे सगळं कशासाठी, तर जी लढाई हरणारच आहे तिच्या प्रॅक्टिससाठी.

वाचायचं कुठून? दोन एड्डा वाचा, बस, नॉर्स देवांच्या कथांचे हेच मुख्य ग्रंथ. गद्य एड्डा स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिला आणि काव्य एड्डाचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, १२७० च्या आसपासचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, आइसलंड इ.स. १००० च्या सुमाराला ख्रिश्चन झालं, म्हणजे स्नोरी लिहायला बसला तेव्हा त्या देवांची पूजा बंद होऊन दोनशे वर्षं झाली होती. तो धर्मग्रंथ लिहीतच नव्हता, तरुण कवींना जुन्या उपमा कळाव्यात म्हणून गाइड लिहीत होता. आणि कोडेक्स रेगियसमधली मधली आठ पानंच गायब आहेत. नऊ जगांचा उल्लेख आहे पण नवाची सलग यादी जुन्या मजकुरात कुठेच नाही, नेटवर दिसणारे ते सुबक चार्ट नंतरच्या लोकांनी जुळवलेले आहेत. तुमच्यासाठी ही लॉटरी आहे, कारण जिथे भोक आहे तिथे तुम्ही बिनधास्त घर बांधू शकता. व्हालहाइम या गेमवाल्यांनी (स्वीडनचा छोटा स्टुडिओ, २०२१) हेच केलं, सरळ दहावं जग काढलं आणि पहिला बॉस म्हणून थॉर-लोकीला न घेता आइकथिर नावाचं हरीण घेतलं, जे एड्डामध्ये वलहल्लाच्या छपरावर उभं राहून पानं खातं आणि ज्याच्या शिंगांतून पाणी ठिबकतं.

आता केल्टिक. पहिली गोष्ट, 'केल्टिक पुराण' असं एकसंध काही नाहीये. आयर्लंडचं वेगळं, वेल्सचं वेगळं, आणि फ्रान्सकडच्या गॉल लोकांच्या तर कथाच उरल्या नाहीत, कारण ड्रुइड लिहून ठेवत नव्हते, सीझरने लिहिलंय की काही जण वीस-वीस वर्षं पाठांतर करायचे. (पाठांतराची परंपरा म्हटल्यावर आपल्याला लगेच कळतं ते, युरोपातल्या सहकाऱ्यांना समजावून सांगावं लागतं.) शिंगवाला देव सर्नुनोस तुम्ही घेतलाय, त्याचं नाव पॅरिसमध्ये सापडलेल्या एका खांबावर आहे, त्याच्यासारखं चित्र डेन्मार्कच्या दलदलीत १८९१ ला मिळालेल्या गुंडेस्ट्रुप कढईवर आहे, पण त्याची म्हणून कथा एकही नाही. त्यामुळे त्याला जे बोलायला लावाल ते तुमचं असणार, हे माहीत असू द्या. कथा हव्या असतील तर आयर्लंड आणि वेल्सकडे जा, तिथे भिक्षूंनी मठात बसून लिहून ठेवल्यात.

आयरिश कथांचा कायदा माझ्या लेखी दोन गोष्टींचा, निषेध आणि उंबरा.

निषेध म्हणजे गेश. वीराला, राजाला काही गोष्टी करायला बंदी असते, भीष्माच्या प्रतिज्ञेसारखं समजा, फक्त इथे बऱ्याचदा ती स्वतः घेतलेली नसते, लादलेली असते. आयरिश कथांतला सगळ्यात मोठा वीर कू हुलिन, त्याचं बघा. त्याचं मूळ नाव सेतांता, लहानपणी कुलन लोहाराचा कुत्रा त्याच्या हातून मेला म्हणून तो म्हणाला दुसरा तयार होईपर्यंत मीच राखण करतो, आणि नाव पडलं 'कुलनचा कुत्रा'. म्हणून त्याला बंदी, कुत्र्याचं मांस खायचं नाही. दुसरी बंदी, चुलीपाशी कोणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. दोन्ही सुटेसुटे बघितले तर सोपे नियम आहेत. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या, एका डोळ्याने आंधळ्या, विस्तवावर कुत्रा भाजत बसलेल्या. तो टाळून जायला बघतो. एक म्हणते, साधं कुत्र्याचं मांस म्हणून थांबत नाहीस होय, मोठी पंगत असती तर थांबला असतास. आता काय करणार? ती डाव्या हाताने तुकडा देते, तो डाव्या हाताने घेतो, खातो, उरलेला डाव्या मांडीखाली ठेवतो, आणि तो हात नि ती मांडी दोन्ही निकामी होतात. इथे तलवार उपसलेलीच नाही, पण लढाईचा निकाल लागलाय.

आम्ही एका प्रोजेक्टमध्ये गेश सिस्टीम बनवली होती, आणि पहिल्या खेपेला पार माती केली, माझीच चूक. मी काय केलं, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल आयकॉन दिला, 'गेश मोडल्यास ताकद २० टक्के कमी'. प्लेटेस्टला (गेम खेळून तपासायला) पोरं आली आणि त्यांनी वाण्याच्या दुकानात बसल्यासारखा हिशोब सुरू केला, की या क्वेस्टला बक्षीस जास्त आहे, वीस टक्के गेले तर गेले, औषध पिऊन भरून काढू. भीती शून्य. मग आम्ही आयकॉन काढला, आकडा काढला, बंदी फक्त सुरुवातीला एका म्हातारीच्या तोंडून एकदाच सांगितली, आणि त्यानंतर दहा-बारा तास काहीच केलं नाही. खेळणारा विसरला. मग पावसात भिजत एका झोपडीशी आणलं, आतून माणूस म्हणतो या बसा, दोन घास खा, आणि भांड्यात काय आहे ते झाकण काढल्यावर दिसतं. एक पोरगी तिथे कंट्रोलर खाली ठेवून दोन मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसली होती. तेव्हा कळलं बसलं बरोबर.

दुसरं उंबरा. आयरिश परलोक वर स्वर्गात किंवा खाली पाताळात नाहीये, तो शेजारी आहे, टेकाडात, तळ्याखाली, समुद्रापलीकडे. त्या टेकाडांना आणि त्यातल्या लोकांना शी म्हणतात. साऊइनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र, मधलं दार किलकिलं होतं. ओशीन नावाचा वीर तीर ना नोगमध्ये, म्हणजे अशाच एका परलोकात जातो, त्याला वाटतं तीन वर्षं झाली, परत येतो तर इकडे तीनशे उलटलेली, घोड्यावरून पाय जमिनीला लागतो आणि क्षणात म्हातारा. यावरून मॅप डिझाइनबद्दल जे सुचायला पाहिजे ते हे, की दुसरं जग म्हणून वेगळी लेव्हल लोड करू नका, तोच मॅप ठेवा, तीच वाट, तेच झाड, पण प्रकाश वेगळा, आवाज वेगळा, आणि बाहेर आलात की गावातली माणसं म्हातारी झालेली. असेटही (चित्रं, मॉडेल वगैरे) वाचतात, तिघांच्या टीमला परवडतं. जांभळा गरगरणारा पोर्टल मात्र प्लीज नको.

आणि ही माणसं अजून त्या टेकाडांना जपतात हं. १९९९ मध्ये आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमध्ये 'लाटून' नावाच्या ठिकाणी मोठ्या रस्त्याच्या आड एक काटेरी झाड येत होतं, शीवाल्यांचं झाड म्हणून ते तोडायला विरोध झाला आणि झाड वाचवून रस्ता झाला. हायवेच्या कडेला शेंदूर लावलेला म्हसोबा बघत मोठे झालेले आपण, आपल्याला हे समजायला काही अवघड नाहीये, तर ती नजर वापरा. परीकथेतल्या पंखवाल्या पऱ्या विसरा, 'त्यांचं' नाव घ्यायचं नाही, 'ती चांगली माणसं' म्हणायचं, कारण राग आला तर पोर उचलून नेतील, अशी ती जमात आहे.

क्राफ्टिंगसाठी (गेममध्ये वस्तू, औषधं बनवण्यासाठी) आयरिश कथांतलं एक रत्न देतो, फारसं कोणी वापरलेलं मी बघितलं नाही. लढाईत राजा नुआदाचा हात तुटतो, वैद्य दियान केख्त त्याला चांदीचा हात बसवतो, पण वैद्याचा मुलगा मियाख मूळचा हातच परत जोडून दाखवतो. बाप जळून मुलाला मारतो. मुलाच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवतात, बहीण एर्मेद पदर पसरावा तशी आपली शाल अंथरून त्या गुणधर्माप्रमाणे नीट लावत बसते, आणि बाप येऊन सगळ्या विस्कटून टाकतो. म्हणून आजही सगळ्या वनस्पतींचे गुण कोणालाच माहीत नाहीत. गेममध्ये औषधी झाडपाला खाऊन बघितल्याशिवाय गुण का कळत नाही, याचं यापेक्षा भारी कारण तुम्ही लिहू शकाल का? मी तरी नाही.

वेल्सकडचं मी कमी वापरलंय, पण पुनर्जन्माची कढई विसरू नका, मेलेला योद्धा त्यात टाकला की सकाळी उठून लढतो, फक्त त्याला बोलता येत नाही. मल्टिप्लेअरला लावून बघा, रिव्हाइव्ह झालेल्याचा माइक बंद!

आता मिसळायचं का? मिसळा, पण जिथे ते खरंच मिसळले तिथे. डब्लिन हे ८४१ मध्ये वायकिंगांनी टाकलेल्या तळावरून वाढलेलं शहर, १०१४ च्या क्लोन्टार्फच्या लढाईत दोन्ही बाजूंना नॉर्स आणि आयरिश दोघेही होते. आइल ऑफ मॅनवर थॉर्वाल्डचा क्रॉस नावाचा दगड आहे, एका बाजूला ओडिनचा पाय लांडग्याच्या तोंडात, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती चित्र, एकाच दगडावर. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ ला बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या मिळाल्या, वॉलरसच्या दातांच्या, त्यातले काही योद्धे आपलीच ढाल चावताना दाखवलेत, हे दिसायला विनोदी पण बेर्सेर्कर, म्हणजे लढताना बेभान होणारे नॉर्स योद्धे आहेत ते. हेलब्लेड या गेमच्या पहिल्या भागात (२०१७) हेच केलंय, स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरची पिक्ट (तिथल्या जुन्या लोकांपैकी) बाई मेलेल्या प्रियकराचं डोकं कमरेला बांधून नॉर्स लोकांच्या हेलमध्ये उतरते, म्हणजे तिला आक्रमकांच्या नरकात जावं लागतंय, मिसळण्याला कारण आहे. साधारण वीस जणांनी केलेला गेम आहे तो. विचर ३ या गेममधली स्केलिगे बेटं पण अशीच, जहाजं आणि यार्ल (सरदार) उत्तरेकडचे, नावं बरीचशी गेलिक वळणाची. याउलट थॉर आणि कू हुलिन एकाच खानावळीत बसवले तर ती फॅन्सी ड्रेस स्पर्धा होते.

बारीकसारीक, पण हे चुकलं की जाणकार लगेच पकडतात. वायकिंग काळातले रून १६ अक्षरांचे, २४ वाले त्याच्या आधीचे, आणि गेम्समध्ये सर्रास २४ वालेच टाकतात. ओगम ही जुनी आयरिश लिपी दगडाच्या कडेवर कोरतात आणि खालून वर वाचतात, मूळची २० अक्षरं. काही रून आणि चिन्हं, उदाहरणार्थ ओडाल, नाझींनी वापरलेली आहेत, सजावट म्हणून उचलण्याआधी एकेक तपासा, रिलीजनंतर माफीनामा लिहिण्यापेक्षा ते बरं. आयरिश स्पेलिंग बघून उच्चार करू नका, व्हॉइस रेकॉर्डिंगआधी आयरिश बोलणाऱ्याला पैसे देऊन तासभर बसवा. आणि पुराण कोणाच्या मालकीचं नसलं तरी नवीन भाषांतरं असतात, त्यातली वाक्यं जशीच्या तशी गेममध्ये टाकाल तर कॉपीराइट लागेल.

कोणीतरी विचारणारच की आपलं सोडून तिकडचं कशाला, पुण्यातल्या स्टुडिओने 'राजी' हा भारतीय पुराणांवरचा गेम केला तसं करा. अहो करा ना, मला आनंदच आहे, पण तुमचा जीव उत्तरेकडच्या धुक्यात अडकला असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कोरियात २००४ ला निघालेल्या एका ऑनलाइन गेमचं नाव 'माबिनोगी', नाव वेल्सचं, आतलं जग आयरिश, आणि बनवणारे सोलचे.

तुमच्या जागी मी असतो तर उरलेला सगळा मॅप बाजूला ठेवून पुढचे दोन महिने एकच झोपडी, एक म्हातारी, एक बंदी आणि एक ग्लाम एवढंच बनवलं असतं, वीस मिनिटांचा तुकडा. आणि त्या असेट पॅकचे पैसे भरलेच असतील तर शिंगांची हेल्मेटं फेकू नका, गावात फिरती नाटकमंडळी येते असं दाखवा आणि तिच्या पेटाऱ्यात ठेवून द्या, त्यांचं मूळ गाव तेच आहे.